पोटाचं विरजण

थोरल्या बहिणीच्या सतरा कोंबड्या मी तिला न विचारता विकल्या. चंदनसारला त्या वेळी जी माणसं होती त्यांतली बरीचशी आता नाहीत. जी आहेत त्यांना एवढंच माहीत आहे. कुणी म्हणतं, पैशासाठी विकल्या. ते खोटं आहे. आलेले पैसे मी तिच्याच उशाखाली ठेवले होते. विकल्या त्या हट्टापायी, आणि त्या हट्टाने पुढे काय केलं ते मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला ठाऊक होतं, पण ते तिचं तिला कळलं होतं.

बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही तिला बाय म्हणायचो. तिला नायगावच्या खाडीकाठी दिली होती, मिठागरावर राबणाऱ्या घरात. मूलबाळ झालं नाही आणि नवरा लवकर गेला. एका सकाळी ती आमच्या दारात उभी राहिली, डोक्यावर पत्र्याची ट्रंक आणि काखेत एक काबरी कोंबडी. आई रडायचं सोडून कोंबडीकडेच बघत राहिली.

"कोंबरी कशाला आनलीस ग?"

"मी फुकटचं जेवायला नाय आले," बाय म्हणाली.

त्या एका काबरीपासून तिने मागच्या पडवीत खुराडं भरलं. आई गेली, माझं लग्न झालं, मुलं झाली, बाय आमच्यातच राहिली. पण तिचं लुगडं, तिची मिश्री, तिचं औषध यांतलं काही माझ्याकडून नाही. सगळं अंड्यांवर. जेवायला आमच्याच पंगतीत बसायची, पण दर आठवड्याला माझ्या बायकोच्या ओटीत अंडी टाकल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. बायको म्हणायची, "बाय, काय परकं समजतंस का आमाला?" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "माझ्या कोंबऱ्या हायेत तवर मी कुनाच्या ताटात वाकून बघनार नाय."

तिची एक रीत होती. पिल्लू दुसरीकडून आणलेलं असो की आई मेलेल्या अंड्यातलं, ज्याला पंखाखाली घेणारी कोंबडी नाही असं कुठलंही पिल्लू हातात आलं, की ती आपल्या सर्वांत जुन्या, धडधाकट कोंबडीच्या खुराड्यात हात घालायची आणि तळाचा सुकलेला भुसा मूठभर काढायची. त्यात काय काय असणार ते सांगायला नको. तो तांदळाच्या कण्यांत चोळायचा आणि पिल्लापुढे टाकायचा. पहिल्याच दिवशी. मला किळस यायची.

"शी! गू खायला घालतेस?"

"तू दही खातोस का नाय?" ती विचारायची. "दुधाला इरजन लावतात ते काय असतं? कालचंच ना? पिल्लाचं पोट कोरं असतं रं बाला. आईच्या पायाखालचं उकरून खाल्लं का पोटाला इरजन लागतं. मंग त्याला काय बी पचतं."

सकाळी खुराडं उघडलं की ती अंडी नंतर बघायची, आधी खाली वाकून विष्ठा बघायची. काळपट, घट्ट, वर पांढरी टोपी, म्हणजे पोट ठीक. पातळ असली की ती कोंबडी त्या दिवशी वेगळ्या टोपलीखाली. मानमोडीच्या साथीत तिच्याही कोंबड्या मरत, मी खोटं कशाला सांगू. पण हगवणीने तिचं पिल्लू गेलेलं मला आठवत नाही.

मी त्या वेळी विरारला गवताच्या वखारीत कामाला होतो. गवत दाबून गासड्या बांधायच्या. मी चौथीपर्यंत शिकलो, सही करतो, वर्तमानपत्र वाचतो. एक दिवस मुकादम सगळ्यांसमोर मला "ए अंगठेबहाद्दर" म्हणाला. मी हातातली दोरी खाली ठेवली आणि घरी आलो. परत गेलो नाही. राहिलेला पगार आणायलाही गेलो नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. तालुक्यात तेव्हा कोंबड्यांच्या शेडी व्हायला लागल्या होत्या. सरकारी तीन दिवसांचं शिबिर होतं, मी नाव दिलं. बाकीचे वह्या भरत होते, मी सगळं डोक्यात ठेवत होतो. शिकवणारे साहेब म्हणाले, "कोंबडीचं घर दवाखान्यासारखं पाहिजे." हे वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. शेवटी प्रमाणपत्र दिलं, त्यावर शाईने माझं पूर्ण नाव. ते मी काच लावून देवांच्या शेजारी टांगलं. कोणी घरात आलं की त्याची नजर तिकडे जाईपर्यंत मी चहा सांगत नसे.

घरामागे, डोंगराच्या अंगाला शेड बांधली. कमरेएवढी विटांची भिंत, वर जाळी, वर कौलं. खाली भातगिरणीतलं तूस अंथरायचं, त्याला आमच्या धंद्यात गादी म्हणतात. पहिली शंभर पिल्लं टेंपोतून आली, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, सगळी एकसुरात चिवचिवत. पत्र्याचं गोल कुंपण, मधे बल्ब, वीज गेली तर कोळशाची शेगडी. त्या दिवशी गिरणी बंद, तूस कमी पडलं. बाय दोन टोपल्या घेऊन आली आणि काही न बोलता कुंपणात पसरून गेली. मला वाटलं नवं तूस आहे. दुसऱ्या खेपेलाही तीच पसरायला आली. मी म्हटलं, करू दे.

त्या दोन्ही खेपा अशा जगल्या की बघणाऱ्याने बघत राहावं. शंभरातली चार-पाच गेली, ती तर जातातच. बाकीच्या वेळेआधी अंड्यावर आल्या. खाद्य कमी खायच्या, पण खाल्लेलं अंगी लागत होतं. तुरे लाल, पिसं तेलकट चकाकती. लोक बघायला यायचे. मी त्यांना आधी घरात नेऊन भिंत दाखवायचो आणि मग शेड.

मग मनवेलपाड्याच्या बाजूला मानमोडी आली. एकाची सगळी शेड आठ दिवसांत रिकामी झाली. मी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी लस टोचली आणि जाताना म्हणाले, "गावठी कोंबड्या शेडपासून लांब ठेवा." लांब ठेवा म्हणाले. ते चूक बोलले नाहीत, आजही म्हणेन. बाय तिथेच उभी होती. म्हणाली, "मी पडवीला कूड घालते. कोंडून ठेवीन. सोडनार नाय."

एवढ्यावर थांबलं असतं. पण मला त्या दिवशी बोलायचं होतं. शेजारचा म्हातारा आला होता, बायको होती, त्यांच्यासमोर मी म्हटलं, "कूड नको आणि काही नको. तुझा तो गुवाचा कारभारच बंद कर. हा धंदा आहे, शास्त्र आहे."

"शास्त्र?" बाय म्हणाली. "तुझ्या पयल्या दोन खेपा कशा जगल्या, इचार तरी मला."

"शिबिरात शिकलो तशा."

तिने पदर तोंडावर घेतला. हसू दाबायला. "सरकारी कागदानं कोंबरी जगती तर मी बी एक भिंतीवर टांगला असता."

शेजारचा म्हातारा एवढा हसला की त्याला ठसका लागला. माझी बायकोही हसली, मग माझ्याकडे बघून गप्प झाली. मुकादमाच्या वेळी मी दोरी खाली ठेवून निघून आलो होतो. आता घरातून कुठे निघून जाणार?

आठवड्याने आमच्या नात्यात हळद होती, बाय दोन दिवसांसाठी गेली. ती पाणंदीच्या वळणापलीकडे गेली आणि मी कोंबडीवाल्याला निरोप धाडला. त्याने एकेकीला पकडून पाय बांधले, सायकलच्या दांड्याला घोसासारख्या उलट्या लटकवल्या. पडवीच्या कोपऱ्यात काबरी खुडूक बसली होती, पहिल्या काबरीच्या वंशातली. तिच्याखाली नऊ अंडी होती. कोंबडीवाला दारावर थांबला.

"भाऊ, ही अंड्यावर हाय. हिला राहू दे का?"

"सगळ्या," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी खुराडं मोडलं, तळाचा सगळा भुसा परड्यात नेऊन जाळला, पडवीला चुना मारला. अंड्यांची टोपली तेवढी तशीच राहिली. तिचं काय करावं ते मला सुचलं नाही.

बाय परत आली. अंगावरच्या लुगड्याला अजून हळदीचा वास होता. पडवीत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. बायकोने मला डोळ्यांनी खुणावलं, मी गेलो नाही. मग बाय दारात आली. हातात उशाखालचे पैसे होते. तिने ते माझ्या प्रमाणपत्राच्या चौकटीवर ठेवले, देवाला ठेवतात तसे. म्हणाली, "अंडी तरी कुनाच्या कोंबरीखाली ठेवायची व्हतीस." बस्स, एवढंच. शिवी दिली असती तर मी उत्तर दिलं असतं.

आधीच्या दोन खेपा विकून शेड रिकामी झाली होती. तिसरी खेप दोनशेची. शेड मी सोड्याने घासली, फिनेल ओतलं, तीन हात चुना मारला. जुनी गादी कण न ठेवता जाळली. नवं तूस दोन दिवस उन्हात वाळवलं. दाराशी फिनेलचं घमेलं, पाय बुडवल्याशिवाय आत कुणी नाही. पिवळी औषधाची पूड पहिल्याच दिवसापासून पाण्यात. पुडीवर लिहिलं होतं, आजार दिसल्यास द्यावे. मी वाचलं होतं. मला वाटलं, आजारात एवढा गुण येतो तर आधीपासून दिली तर आजार फिरकणारच नाही. मापही थोडं वाढवलं. मी बायकोला म्हटलं, "बघ, आता दवाखाना झाला."

चौथ्या दिवशी सकाळी पाच-सहा पिल्लं बल्बखाली चिकटून बसलेली दिसली. पंख खाली सोडलेले, डोळे मिटलेले. उचलून बघितलं तर मागची जागा पांढऱ्या लगद्याने बंद झालेली. दुपारपर्यंत ती गेली. पाचव्या दिवशी पंधरा. मी पूड वाढवली. सहाव्या दिवशी मोजायचं सोडलं. करंजाच्या झाडाखाली खड्डा खणून ठेवला होता, सकाळ-दुपार टोपलीने न्यायची, वर चुना टाकायचा. पिल्लू मेल्यावर इतकं हलकं असतं की टोपली भरली तरी हाताला जाणवत नाही. त्याचाच मला राग यायचा.

बायको म्हणाली, "अवो, बायला इचारा ना एकदा."

"तिला काय विचारायचं? ती काय डॉक्टर आहे?"

"तिची पिल्लं मरत नवती."

"तिची पिल्लं नव्हतीच. कोंबड्या होत्या," मी म्हटलं. काय बोललो ते मलाच कळलं नाही. बायको भांडी घासायला निघून गेली.

सातव्या दिवशी बाय सकाळीच कुठे तरी गेली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा परतली. मी शेडीच्या दारात होतो. तिने पदराचा ओचा करून पोटाशी धरला होता. पाय धुळीने भरलेले, अनवाणी. मनवेलपाड्याला तिच्या ओळखीची एक म्हातारी होती, तिच्या कोंबड्या साथीत वाचल्या होत्या. तिथवर चालत जाऊन तिच्या खुराड्यातला भुसा घेऊन आली होती. मी बघूनच ओळखलं.

"आत यायचं नाही," मी म्हटलं.

"मी नाय येत. हे घे. तू टाक."

"त्या पाड्यात रोग आहे आणि तू तिथली घाण माझ्या शेडीत आणतेस?"

"तिच्या कोंबऱ्या चांगल्या हायेत. बघून आनलंय, बोटानं मोडून बघितलंय. बाला, आयक. कोरी पोटं हायेत त्यांची. ज्याला आय नाय त्याला कुनी तरी द्याया लागतं. मी नाय टाकत. तुझ्या हातानं टाक. मी कुनाला सांगनार बी नाय."

मी कुणाला सांगणार नाही, हे ती का म्हणाली ते मला तेव्हाच कळलं. तिला माझा हट्ट माहीत होता, ती त्यातून मला वाट काढून देत होती. आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही. मी तिच्या पदराला खालून हात मारला. भुसा अंगणभर उडाला, तिच्या केसांवर, माझ्या तोंडावर.

तिने केसांतला भुसा झाडला. मग पदर झटकला.

"बरं," म्हणाली.

दोनशेतली साठ-सत्तर उरली. तीही खुरटी. पोती रिकामी करायची, पण अंगाला काही लागायचं नाही. विष्ठेत दाण्याची भरड तशीच्या तशी दिसायची. अंड्यावर आली ती उशिरा आणि रडत-खडत. ती कधी आणि कुणाला देऊन टाकली हे बघायला बाय नव्हती. पिल्लांची मर थांबली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ट्रंक डोक्यावर घेतली होती.

"कुठे?"

"नायगावला. दिराकरं. मिठागरावर हात पायजेत."

"इथे काय कमी आहे तुला?"

तिने चुना मारलेल्या पडवीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "वयनीला सांग, अंडी नाय देता आली दोन आठवडे." आणि गेली. बायको पाणंदीपर्यंत तिच्यामागे रडत गेली. मी जाळीचं दार दुरुस्त करत होतो. ते मोडलेलं नव्हतं.

पुढची चार-पाच वर्षं मी शेड ओढत राहिलो. एखादी खेप बरी जायची, एखादी निम्मी. का जायची आणि का मरायची ते कळत नव्हतं. चौकटीवरचे पैसे तिथेच होते, धूळ बसलेले. ते कुणी काढले नाहीत.

मग दवाखान्यात नवा डॉक्टर आला. कॉलेजातून नुकताच निघालेला पोरगेला, मला काका म्हणायचा. एकदा लस टोचायला आला तेव्हा त्याने मेलेलं पिल्लू माझ्यासमोर फाडलं. आतडं बोटाने उलगडून दाखवलं. शेवटाला दोन आंधळ्या पिशव्या होत्या, एका बाजूने बंद.

"काका, धडधाकट कोंबडीच्या ह्या पिशव्यांत कोट्यवधी जंतू राहतात."

"मग मारायला नकोत?"

तो हसला. "तेच तर तिला जगवतात. खाल्लेलं पचवायला मदत करतात, आणि वाईट जंतूंना जागा देत नाहीत. एसटीत सगळ्या सीटा भरल्या असल्या तर टारगट माणूस चढला तरी कुठे बसणार? तुमचं पिल्लू मशीनमधून निघतं. त्याला आई नाही, म्हणजे गाडी रिकामी. त्यात तुम्ही पहिल्या दिवसापासून पूड घालून जे चार-दोन प्रवासी चढले तेही उतरवता. मग पहिला जो चढतो तो गाडी ताब्यात घेतो."

मी विचारलं, "जुन्या कोंबडीच्या गादीतलं मूठभर टाकलं तर?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "तसलंच काहीतरी बाहेरच्या देशांत करून बघतायत. मात्र कोंबडी निरोगी पाहिजे हं, नाहीतर तिचा रोगही त्यातूनच येईल. पारख पाहिजे. तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "असंच आलं डोक्यात."

"हुशार आहात," तो म्हणाला.

तो गेल्यावर मी त्या फाडलेल्या पिल्लाजवळ बसून राहिलो. पदराला हात मारला होता तो उजवा हात. त्याच हाताने आता मी ते पिल्लू पुरलं.

पुढच्या खेपेच्या आधी मी मनवेलपाड्याला त्या म्हातारीकडे गेलो. तिने न विचारता पोतं भरून दिलं. मग म्हणाली, "तुझी बहीन बी आलती एकदा न्यायला. भावाच्या पिल्लांना पायजे म्हनाली. तिला मी म्हटलं बस, पानी पी, तर बसली बी नाय, मरतील म्हनाली." मी पोतं खांद्यावर टाकलं आणि निघालो.

भुसा मोडून बघितला, चाळला, कण्यांत चोळला. पूड बंद केली. खेप जगली. त्याच्या पुढचीही जगली. पिल्लं पहिल्या आठवड्यातच अशी उकरायला लागली की तूस कुंपणाबाहेर उडायचं. खाद्याची पोती पुरायला लागली. शेजारपाजारचे शेडवाले पुन्हा बघायला यायला लागले. एका सकाळी तिघे बसले होते, त्यांतल्या एकाने विचारलं, "भाऊ, नेमकं करता तरी काय? सांगा की आम्हालाही."

भुसा टाका, एवढं सांगितलं मी. कोणाचा टाका, कसा पारखा, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे शिकलात कुठे?"

"शिबिरात," मी म्हटलं.

बायको चहाचे कप घेऊन आली होती. तिने ते खाली ठेवले, एक कप हिंदकळला. ती माणसं गेल्यावर म्हणाली, "एकदा नायगावला जाऊन या." पिल्लं मरत होती तेव्हापासून तिने मला काही करा म्हणून सांगितलं नव्हतं.

मनवेलपाड्याच्या म्हातारीकडून मी एक काबरी तलंग घेतली, अंड्यावर यायला टेकलेली. टोपलीत घालून, वर फडकं बांधून रविवारी सकाळी नायगावला उतरलो. तिथून खाडीच्या बांधाने चालत. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग, ऊन त्यावरून डोळ्यांत येत होतं. बायची झोपडी बांधाच्या टोकाला. ती दारात बसून पायांच्या भेगांत तेल भरत होती. एवढीशी झाली होती.

"कोन मेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"मंग कसा आलास?" आणि टोपलीकडे बघितलं. "काय आनलंस?"

फडकं सोडून तिने कोंबडी उचलली. मिठाने चिरलेल्या बोटांनी छातीचं हाड चाचपलं, मागची पिसं फुंकून बघितली. "चार-आठ दिसांत अंड्यावर येईल," म्हणाली. तिचा चेहरा क्षणभर पडवीतल्यासारखा झाला. मी वाट बघत होतो त्या क्षणाची.

"बाय, मी काय म्हणतो—"

"बस. पाय धू." ती उठली. "भाव इतक्या वर्सांनी आलाय, त्याला काय सुकट-भाकर घालू?"

तिच्या हातात कोयता होता.

"अगं, ती तुला पाळायला आणली!"

"पालायला जागा कुठं हाय? जमीन शेटची, पानी खारं. मी दिसभर आगरात." बोलता बोलता ती झोपडीमागे गेली. मला उठता आलं असतं, तिचा हात धरता आला असता. त्या हाताला हात लावायची माझी छाती झाली नाही. पंखांची फडफड ऐकू आली आणि थांबली.

ती माझ्यासमोर बसून कोंबडी साफ करत होती. आत पिवळ्या बलकांची माळ निघाली, मोठ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत, न घातलेली अंडी. ती तिने अलगद वाटीत ठेवली. आतडं बोटाने चिरलं, वाकून बघितलं. सवयच ती.

"पोट चांगलं हाय. कुनाकरची?"

"मनवेलपाड्याची."

तिचा हात थांबला. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मंग आता टाकतोस तू?"

"टाकतो."

"जगतात?"

"जगतात."

"लोक इचारत असतील, कसं काय म्हनून."

मी लोट्यातलं पाणी प्यायलो. मचूळ होतं.

"शिबिर," ती म्हणाली, आणि हसली. ह्या वेळी पदर तोंडावर घेतला नाही. पुढचे दोन दात नव्हते.

कलेजी-पेटा तिने माझ्या ताटात वाढला, बलकांची माळही माझ्याच ताटात. स्वतः भात घेतला आणि वर नुसता रस्सा.

"तू का घेत नाहीस?"

"मी कोंबरी नाय खात आता. तू खा. गरम हाय तवर खा."

मी खाल्लं. सगळं खाल्लं. ताट चाटूनपुसून होईपर्यंत ती समोर बसून होती, आणि मी जे सांगायला गेलो होतो ते एकेका घासाबरोबर खाली गेलं. निघताना तिने टोपली हातात दिली. "ही ने. इथं काय कामाची."

त्यानंतर मी तिला जिवंत बघितली नाही. दोन वर्षांनी मिठाच्या गाडीवाल्याबरोबर निरोप आला, मी पोहोचलो तोवर सगळं आटपलं होतं.

पण त्या रविवारी घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. तिने आधी रिकाम्या टोपलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला बरं वाटलं असावं, कोंबडी बायकडे राहिली म्हणून.

"बायला सांगितलंत?"

"सांगितलं," मी म्हटलं, आणि टोपली नेऊन मागच्या पडवीत, जिथे खुराडं होतं तिथे, उपडी घातली.